पाळणाघर बंद करण्याचा आदेश कधी आलाच नाही

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी कामगार महिलांच्या मुलांसाठी आमचे महिला मंडळ एक पाळणाघर चालवत होते आणि मंडळाची सचिव या नात्याने त्याचा अनुदानाचा सगळा व्यवहार पहिल्यापासून अखेरपर्यंत माझ्याकडे होता. ते पाळणाघर आता नाही. ते कसे गेले हे मी सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण शासकीय कागदपत्रांतून ते कुणालाही कळणार नाही. आमची मान्यता काढून घेतल्याचे पत्र नाही, तपासणीत गंभीर दोष आढळल्याचा शेरा नाही, योजना गुंडाळल्याची घोषणाही नाही. निधी आटत गेला, त्याच्या वाटणीचे सूत्र बदलले, हप्ता लांबला आणि एका टप्प्यावर दाराला कुलूप लावण्याचा निर्णय आम्हालाच घ्यावा लागला.

नोकरदार आणि कष्टकरी मातांच्या मुलांसाठीची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना १ जानेवारी २००६ पासून लागू झाली. केंद्रीय समाजकल्याण मंडळ, भारतीय बालकल्याण परिषद अशा संस्थांमार्फत ती राबवली जाई आणि प्रत्यक्ष पाळणाघर आमच्यासारखी स्थानिक मंडळे चालवत. खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा आणि १० टक्के वाटा संस्थेचा, असे सूत्र होते. एका पाळणाघरात २५ मुले, वय सहा महिने ते सहा वर्षे, दोन सेविका, पूरक आहार आणि आरोग्य तपासणी, एवढी तिची साधी रचना होती. सेविकेला सुरुवातीच्या काळात महिन्याला १,००० रुपये मानधन मिळे. एवढ्या पैशांत कुणी दिवसभर दुसऱ्याची लेकरे सांभाळावीत, ही अपेक्षा तेव्हाही चुकीची होती, आणि योजना चांगली होती असे म्हणताना ही गोष्ट मी कधीच बाजूला ठेवत नाही. आमच्या दोन्ही सेविका वस्तीतल्याच होत्या. मुलांशी तेलुगूत आणि तपासणीला येणाऱ्यांशी मराठीत बोलणाऱ्या या बायकांच्या जिवावर ते पाळणाघर उभे होते.

बिडीचे काम बहुतांशी घरी चालते, म्हणून त्या बाईला पाळणाघराची गरज काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांनी ते काम जवळून पाहिलेले नसते. सकाळी बिडी कारखान्याच्या शाखेत जाऊन आदल्या दिवशीचा माल द्यायचा, छाटीत किती बिड्या बाद होतात ते पाहायचे, नवा पाला आणि तंबाखू घ्यायची आणि घरी येऊन भिजवलेली पाने मापाने कातरायला बसायचे. त्यानंतर उरलेला सारा दिवस मांडीवर सूप असते. सुपात एका बाजूला कातरलेली पाने, दुसऱ्या बाजूला तंबाखू, आणि दोन्ही हात सतत चालू. त्या मांडीवर मूल बसू शकत नाही. रांगते मूल सुपाकडे येते, मूठ भरून तंबाखू तोंडात घालते किंवा कात्रीला हात लावते. आई त्याला एका पायाने अडवत राहते किंवा खाटेच्या पायाला लुगड्याच्या पट्टीने बांधून ठेवते. तंबाखूची बारीक धूळ त्या एकुलत्या एक खोलीत दिवसभर तरंगत असते आणि मूल तीच हवा घेते. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. मुलासाठी जितक्या वेळा उठावे लागेल तितक्या बिड्या कमी होतात आणि तितकी मजुरी बुडते, हा हिशेब प्रत्येक बाईला तोंडपाठ असतो.

पाळणाघराने या घरांना नेमके काय दिले, हे आमच्या वजन-उंचीच्या नोंदवहीत आणि हजेरीपटात दिसत असे. आठ-नऊ महिन्यांचे मूल दाखल होताना आई संकोचाने सांगे, की हे रात्रभर खोकते. दोन-तीन महिन्यांत त्या मुलाचा खोकला कमी होई, कारण दिवसाचे सात-आठ तास ते तंबाखूपासून दूर असे. गरम खिचडी वेळेवर पोटात जाई. लसीकरणाची तारीख चुकली की सेविकाच मुलाला आणि आईला घेऊन नागरी आरोग्य केंद्रात जाई. आरोग्यसेवा आणि बालसंगोपन ही दोन खाती सरकारच्या कागदावर वेगळी असली, तरी त्या खोलीत ती वेगळी करता येत नव्हती. याहून मोठा परिणाम मात्र वहीत कुठेच नोंदला जात नसे. धाकट्याला सांभाळायला घरी थांबणारी सात-आठ वर्षांची बहीण शाळेत जाऊ लागे. कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती याच कारणाने. मोठे मूल शाळेत यावे असे वाटत असेल, तर त्याच्या कडेवरच्या धाकट्याची सोय आधी झाली पाहिजे, हे त्यांना आदिवासी पाड्यांवर काम करताना उमगले होते. आमच्या वस्तीत ते मी डोळ्यांनी पाहिले.

बदलाची पहिली चाहूल एका परिपत्रकाने लागली. १ जानेवारी २०१७ पासून योजना राज्य सरकारांकडे सोपवण्यात आली, तिचे नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झाले आणि खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ३० टक्के आणि संस्था १० टक्के अशी ठरली. कागदावर नव्या नियमांत चांगल्या तरतुदी होत्या. सेविकेचे मानधन ३,००० आणि मदतनिसाचे १,५०० रुपये झाले, महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास पाळणाघर उघडे ठेवण्याचे बंधन आले, खिडक्या, स्वच्छतागृह आणि खेळाचे साहित्य यांचे निकष नीट लिहिले गेले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडून १०० आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून २०० रुपये घ्यायचे होते. हे सारे आम्हाला मान्य होते, किंबहुना मानधनवाढीसाठी आम्हीच वर्षानुवर्षे निवेदने देत आलो होतो. अडचण अशी झाली, की निकष वाढवण्याच्या त्याच काळात देशभराची तरतूद खाली येत गेली. २०१७-१८च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेसाठी २०० कोटी रुपये दाखवले होते, २०१८-१९मध्ये सुमारे १२८ कोटी आणि २०१९-२०मध्ये ५० कोटी. एकेकाळी देशात या योजनेखाली २३ हजारांहून अधिक पाळणाघरे मंजूर होती. २०२०पर्यंत त्यांतली साडेसहा हजारांच्या आसपास उरली. आमचे पाळणाघर मधल्या काळात गळालेल्या हजारोंपैकी एक आहे.

ही गळती प्रत्यक्षात कशी होते, ते सांगते. वर्ष संपले की आम्ही सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेत असू आणि अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जोडून पुढच्या वर्षाचा प्रस्ताव पाठवत असू. पूर्वीही हप्ता उशिरा येई, पण येई. योजना राज्याकडे गेल्यावर मात्र प्रस्ताव नेमका कुणाकडे द्यायचा, हेच काही महिने स्पष्ट नव्हते. जुने कार्यालय म्हणे, आता हा विषय आमच्याकडे नाही. नव्या कार्यालयात म्हणत, वरून मार्गदर्शन आलेले नाही. मग नव्या नमुन्यातली माहिती मागवली गेली. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची संस्थेची नोंदणी, मुलांचे आणि मातांचे आधार क्रमांक, उत्पन्नाचे दाखले, जागेचा भाडेकरार, जागेची छायाचित्रे आणि आई नोकरी करते याचा पुरावा असे सगळे गोळा करावे लागले. नियमानुसार आई महिन्यातून किमान १५ दिवस किंवा वर्षातून सहा महिने कामावर असली पाहिजे. बिडी कामगार ओळखपत्र असलेल्या बायकांचा प्रश्न नव्हता. परंतु सासूच्या किंवा नणंदेच्या कार्डावर बिड्या वळणाऱ्या तरुण सुना आमच्याकडे पुष्कळ होत्या, आणि तान्ही मुले त्यांचीच होती. ज्यांना पाळणाघराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच काम करत असल्याचा कागद नव्हता. आम्ही शाखेच्या मुकादमांकडून पत्रे मिळवली, नगरसेवकांचे दाखले जोडले, आणि फाइल पूर्ण केली.

त्यानंतर वाट पाहण्याचा काळ सुरू झाला. आम्हाला तोंडी सांगण्यात आले, की राज्याच्या वाट्यासाठी अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाखाली तरतूद व्हावी लागेल आणि तोपर्यंत केंद्राचा हिस्साही वितरित होणार नाही. पाळणाघर चालू ठेवायचे की नाही, असे विचारले तर उत्तर मिळे, चालू ठेवा, नाहीतर बंद असल्याचा शेरा पडेल. अनुदान नसताना चालू ठेवावे आणि चालू ठेवले म्हणून अनुदानाची आशा धरावी, या फेऱ्यात त्या काळात अनेक मंडळे अडकली होती. अशा कार्यालयांत फाइलला नकार मिळत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नकार मिळाला असता तर त्याविरुद्ध अपील करता आले असते, लोकप्रतिनिधींकडे जाता आले असते, मोर्चा काढता आला असता. ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तराविरुद्ध काय करायचे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. समोरच्या टेबलावरच्या लिपिकाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या हाती द्यायला खरोखरच काही नव्हते, आणि त्याच्याशी बोलताना हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत असे.

पहिले काही महिने मंडळाच्या बचतीतून किराणा भरला. भांडी विकण्याची वेळ आली नाही, पण दुधाचे प्रमाण कमी केले, मग अंडी थांबली, मग खिचडीतली डाळ पातळ झाली. घरमालकाने भाड्यासाठी थांबण्याची तयारी दाखवली, तीही अनंत काळ पुरणारी नव्हती. सेविकांचे मानधन थकले. आमची मोठी सेविका, जिला सगळी मुले पेद्दम्मा, म्हणजे तेलुगूत मोठी आई, म्हणत, तिने एके दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, मी पोरं सांभाळते, पण संध्याकाळी घरी जाऊन मीच बिड्या वळायला बसते. असं किती दिवस चालेल ते तुम्हीच सांगा.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला उत्तर हवे होते आणि ते माझ्याजवळ नव्हते. मदतनीस त्याच्या आधीच एका शिलाई कारखान्यात लागली होती. पालकांची बैठक घेतली, तेव्हा काही मातांनी महिना ३०० रुपये द्यायची तयारी दाखवली. ज्यांना ते शक्य नव्हते त्या गप्प बसल्या, आणि त्यांची मुले कुठे जातील हे सगळ्यांना माहीत होते. निम्मी मुले घेऊन पाळणाघर चालवायचे आणि ती निम्मी थोडी बऱ्या स्थितीतल्या घरांची असायची, हे मंडळाला मंजूर झाले नाही. २०१८च्या उन्हाळ्यानंतर आम्ही ते पुन्हा उघडले नाही.

पुढच्या दोन वर्षांत मी त्या घरांमध्ये जात राहिले, आणि सरकारच्या तिजोरीत वाचलेला पैसा कुणाकडून वसूल झाला, हे तिथे पाहायला मिळाले. पहिला भार आजीवर पडला. गुडघे धरलेल्या, स्वतः अजून बिड्या वळणाऱ्या आज्या दोन-दोन नातवंडे सांभाळू लागल्या. ज्या घरांत आजी नव्हती तिथे थोरल्या मुलीची शाळा आधी अधूनमधून आणि मग कायमची सुटली. शहराबाहेर कुंभारीच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगारांना सुमारे दहा हजार हक्काची घरे मिळाली, ही सोलापूरच्या कामगार चळवळीची फार मोठी कमाई आहे. आमच्याकडची काही कुटुंबे तिकडे राहायला गेली होती. परंतु शहरातली आजी आणि शेजारीण मागे राहिल्यामुळे तिथल्या तरुण मातांची कोंडी अधिकच झाली. हजार बिड्या वळणारी बाई सहाशे-सातशेवर आली. मजुरी घटली तशी भविष्यनिर्वाह निधीतली भरही घटली, म्हणजे आजच्या कमाईबरोबर म्हातारपणाची शिल्लकही कमी झाली. घरातल्या पुरुषांची मजुरी आधीच अनियमित होती. ज्या कुटुंबात दोघांच्या कमाईवर कसेबसे महिन्याचे गणित जुळत असे, तिथे उधारी वाढली आणि बचत गटाचे हप्ते थकू लागले.

योजना राज्याकडे गेली त्याच वर्षी याच घरांवर दुसऱ्या बाजूनेही आघात झाला होता. १९७६च्या कायद्याने बिडीच्या उत्पादनावर उपकर लावून त्यातून बिडी कामगार कल्याण निधी उभारला जात असे आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीचे साहाय्य असे खर्च भागवले जात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. दवाखाने एका दिवसात बंद झाले नाहीत. पण आपल्याच हातांनी वळलेल्या बिडीतून येणारा, आपल्याच नावाचा जो निधी होता तो गेला, आणि पुढचे सारे सर्वसाधारण अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर विसंबून राहिले. आम्ही ज्या दवाखान्यात मुलांना नेत असू तिथे डॉक्टर असतील तर औषध नाही आणि औषध असेल तर डॉक्टरांची जागा रिक्त, असे वारंवार घडू लागले. लहान मुलांचे खोकल्याचे औषध बाहेरून आणायला सांगत. बाहेरचे औषध म्हणजे खासगी दुकान, आणि पुढच्या वेळी सरळ खासगी डॉक्टरच.

आमच्याकडे वर्षभर आलेल्या एका मुलीला पाळणाघर बंद झाल्यानंतरच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. तिची आई मला भेटली तेव्हा आठवडाभर ती मुलीसोबत सरकारी रुग्णालयात होती. उपचार मोफत होते, डॉक्टरांनी मनापासून केले आणि मुलगी बरी झाली. पण त्या आठवड्यात आईने एकही बिडी वळली नव्हती, नवऱ्याने यंत्रमागावरच्या चार पाळ्या बुडवल्या होत्या, काही तपासण्या बाहेरून कराव्या लागल्या होत्या आणि त्यासाठी गळ्यातले दोन मणी गहाण पडले होते. मुलीला न्यूमोनिया पाळणाघर बंद झाल्यामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही, तसे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. मात्र ती मुलगी आमच्याकडे असताना खोकला छातीत उतरायच्या आत पेद्दम्माच्या लक्षात येई आणि त्याच दिवशी तिला दवाखाना दाखवला जाई, एवढे मी खात्रीने सांगते. सुरुवातीलाच होणारा तो छोटा खर्च काढून टाकला, की पुढे मोठा खर्च उभा राहतो आणि त्यातला बराच त्या कुटुंबाच्या माथी येतो.

मुलांना अंगणवाडीत घाला, हा सल्ला आम्हाला सर्वांकडून मिळाला. अंगणवाडी ही या देशातली अमूल्य व्यवस्था आहे, हे मी पूर्ण आदराने लिहिते. पण तीन ते सहा वर्षांची मुले तिथे काही तासच बसतात, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना घरपोच आहाराची पाकिटे मिळतात. ती पाकिटे मुलाला सांभाळत नाहीत. आमच्या वस्तीतल्या अंगणवाड्या भाड्याच्या लहान खोल्यांत भरत आणि सेविकांवर सर्वेक्षण, पोषणाच्या नोंदी, मोबाइलमधले अर्ज अशा कामांचा डोंगर होता. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी मानधनवाढ, निवृत्तिवेतन आणि उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) संप पुकारला आणि तो पुढच्या वर्षी जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत चालला. त्या काळात वस्तीतल्या मातांचे हाल झाले, तरीही त्यांतल्या अनेक जणी संपाच्या बाजूने बोलत होत्या. कष्टाचे पूर्ण दाम न मिळणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

२०२२पासून केंद्राने मिशन शक्ती अंतर्गत पाळणा योजना आणली आहे आणि देशभरात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरे उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. पाळणाघराची गरज सरकारने पुन्हा मान्य केली, याचे मी स्वागत करते. मात्र पूर्वी मंजूर असलेल्या २३ हजारांशी ताडून पाहिले, तर पूर्ण झालेले उद्दिष्टही आपल्याला मागच्या ठिकाणापर्यंत नेत नाही. ज्या सेविकांनी दहा-दहा वर्षे तान्ही मुले सांभाळली त्यांचा अनुभव या नव्या व्यवस्थेत कसा वापरला जाणार, हेही मला कुठे दिसलेले नाही.

आमच्या भागात असे केंद्र सुरू व्हावे म्हणून मंडळाने निवेदन दिले आहे आणि त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत. केंद्राची वेळ शाखेत माल देण्याच्या वेळेच्या आधी सुरू व्हावी. सहा महिन्यांच्या मुलांना प्रत्यक्षात प्रवेश मिळावा, केवळ नियमात नव्हे. दुसऱ्याच्या कार्डावर बिड्या वळणाऱ्या मातेला स्वयंघोषणापत्रावर काम करणारी महिला मानावे. आणि निधीचा हप्ता लांबला तर सेविकांचे मानधन व मुलांचा आहार थांबू नये, यासाठी जिल्हा पातळीवर निदान सहा महिन्यांची राखीव तरतूद असावी. निवेदनासोबत जुन्या पाळणाघराचा शेवटचा हजेरीपट आणि पेद्दम्मासह दोघींच्या थकीत मानधनाचा तक्ता जोडला आहे. ती थकबाकी अद्याप मिळालेली नाही आणि तिची मागणी आम्ही प्रत्येक पत्रात करत आहोत.